गमे छे की आवडे छे?

आलेलं पत्र

काकू, नमस्कार.

मी बडोद्यात मांजलपूरला राहते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा गुजराती माध्यमातून झाली, कॉलेज इंग्रजीतून आहे. आई घरून चकली-चिवड्याच्या ऑर्डरी घेते, मी तिच्या हाताशी असते. बाबा मकरपुऱ्याला जीआयडीसीत एका कारखान्यात आहेत.

या सेमिस्टरला आमचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर ‘स्वयम’वरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरून होता. मी एकही व्हिडिओ चुकवला नाही. आईचा घाणा चालू असायचा, मी ओट्यावर डब्याला फोन टेकवून दीडपट स्पीडवर बघायचे. खरं सांगते, सगळं समजत होतं. मग सरांनी एक फॉर्म पाठवला, ऑनलाइन शिक्षणाबद्दल तुमचं मत काय असा. मी सगळीकडे ‘खूप समाधानी’वर टिक केली. आठ दिवसांनी वर्गात टेस्ट झाली, त्यात ५० पैकी १४ आले. दोन दुकानांची सरासरी विक्री सारखीच आहे, तर कोणत्या दुकानाची विक्री जास्त भरवशाची, असा प्रश्न होता. सूत्र पाठ होतं, पण पेन पुढे सरकेना. याउलट अकाउंट्सच्या तासाला मला रोज ढ असल्यासारखं वाटतं. सर उभं करून विचारतात, पोटात गोळा येतो. त्यात मात्र ३६ आले.

मैत्रिणी म्हणतात ऑनलाइनच बरं. पुण्याचा मामा म्हणतो, कॉलेज सोड, ऑनलाइन डिग्रीला नाव घाल, बडोद्यात माझ्या ओळखीचे सीए आहेत त्यांच्या ऑफिसात लाग, दोन पैसे हातात येतील. बाबा म्हणतात, कॉलेज ते कॉलेज. मी काय करू? आणि अजून एक. तो फॉर्म मी खोटा भरला का? रात्री तेच डोक्यात येतं.

एक विद्यार्थिनी

उत्तर

बाळ,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. फॉर्म तू खोटा भरलेला नाहीस. तुला कसं वाटतं ते विचारलं होतं, आणि जे वाटलं ते तू सांगितलंस. बसचे धक्के नाहीत, घरच्या कामाचा खोळंबा नाही, कळलं नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं, चारचौघांत कुणी उभं करत नाही. असं शिकणं सुखाचं वाटणारच. त्यापायी झोप घालवू नकोस.

घोळ आहे तो एका शब्दाचा, आणि बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलीला तो चटकन कळेल. आपण घरात म्हणतो, “मला गणित आवडतं.” उंबऱ्याबाहेर शेजारच्या बेनना तू म्हणालीस, “मने आ दाखलो आवडे छे,” की अर्थ पालटतो. दाखलो आवडे छे म्हणजे हे उदाहरण मला सोडवता येतं. मनाला भावलं हे सांगायला त्यांचा शब्द वेगळा आहे, ‘गमे छे’. लहानपणी शाळेच्या सहलीत बाईंनी मला विचारलं होतं, “तने तरतां आवडे छे?” मी जोरात हो म्हटलं. पाणी मला फार प्रिय होतं. पोहायला येत नव्हतं. बाईंनी विश्वासाने खोल बाजूला जाऊ दिलं, आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर मला या दोन भाषांमधलं अंतर समजलं. ते अजून अंगावर आहे.

तुझ्या सरांच्या फॉर्मने विचारलं, गमे छे का? टेस्टने विचारलं, आवडे छे का? तू दोन्हींना खरीच उत्तरं दिलीस. ऑनलाइन शिक्षणाबद्दल विद्यार्थ्यांना काय वाटतं याचे फॉर्म आता कॉलेजाकॉलेजातून भरून घेतात, त्यातल्या बहुतेकांत पहिलाच प्रश्न असतो. दुसरा विचारायला वेळ लागतो, कोरा कागद लागतो, म्हणून तो राहून जातो.

मी हे दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. तीस वर्षं मी इथल्याच एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं. निवृत्ती जवळ आली असताना २०२० चा लॉकडाऊन लागला, आणि फळा जाऊन लॅपटॉप आला. समोर काळ्या चौकटी, चौकटीत नावं, चेहरा एकही नाही. शिकवून झालं की मी विचारायची, समजलं? चॅटमध्ये भराभर उमटायचं, “यस मॅम, क्लिअर.” वर्षअखेरीला मीही असाच फॉर्म पाठवला. इतकी छान उत्तरं आली की मी ती घरी वाचून दाखवली.

मग व्हिडिओवरच तोंडी परीक्षा झाली. “क्लिअर” सगळ्यांच्या आधी लिहिणारा एक मुलगा होता. मी त्याला म्हटलं, कागद घे, हा आलेख काढ आणि कॅमेऱ्यापुढे धर. त्याचा कॅमेरा मी त्या दिवशी पहिल्यांदा चालू झालेला पाहिला. मागे स्वयंपाकघर होतं. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. कागद कोराच. मग तो अगदी हळू म्हणाला, “मॅडम, तमे करो छो त्यारे आवडे छे.” तुम्ही करता तेव्हा मला येतं.

त्या मुलाने लबाडी केली नव्हती. माझा हात आलेख काढत असताना त्याला खरोखरच वाटत होतं की हे आपल्याला येतंय. तुला घाण्याजवळ वाटत होतं तसंच. चूक माझी होती. जे मोजायचं आहे तेच आपण मोजतोय ना, हे आधी तपासा, असं मी तीस वर्षं मुलांना सांगत आले आणि स्वतःच्या फॉर्ममध्ये तेवढंच तपासलं नाही.

हे आपल्याच मुलांचं होतं असं समजू नकोस. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या मुलांवर एक प्रयोग झाला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. तोच धडा काही मुलांना अनुभवी प्राध्यापकांनी ओघवतं व्याख्यान देऊन शिकवला, काहींना गटात बसवून त्यांच्याकडूनच उदाहरणं सोडवून घेत शिकवला. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं, आपण खूप शिकलो. उदाहरणांशी झटणाऱ्यांना वाटलं, आपल्याला कमी समजलं. चाचणीत निकाल उलटा लागला, झटणारे पुढे गेले. ही तुलना ऑनलाइन आणि वर्ग यांची नव्हती, दोन्ही वर्गच होते. म्हणून तर मला ती तुझ्यासाठी मोलाची वाटते. गुळगुळीत चालणारं शिकवणं वर्गातही फसवतं. मोबाइलवर ते अधिक फसवतं, कारण तिथे सगळंच गुळगुळीत करून ठेवलेलं असतं. अडलं तर मागे, कंटाळा आला तर पुढे, सावकाश वाटलं तर दीडपट. अडखळायला जागाच नाही.

अकाउंट्सच्या तासाला पोटात येणारा तो गोळा म्हणजे तू अडखळतेस, आणि अडखळून पुढे जातेस. ३६ त्याचेच आहेत. पण सर रागावून, पाणउतारा करून विचारत असतील तर ते मला मुळीच मान्य नाही. भीतीने कुणी शिकत नाही. तू तसं लिहिलेलं नाहीस, नुसतं ‘उभं करून विचारतात’ एवढंच लिहिलंयस, म्हणून मी त्या विचारण्याची बाजू घेते. शिवाय वर्ग म्हटला की शिकणं आलंच असंही नाही. पिवळ्या पडलेल्या नोट्स सांगायच्या आणि मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या, असे तासही मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यापेक्षा चांगला व्हिडिओ शंभर पटींनी बरा.

आता ते दोन दुकानांचं उदाहरण. त्यावर जरा थांबू, कारण ते तुझ्या घरातच आहे.

आईची ऑर्डरींची वही घे. समज, एका आठवड्यात सोमवार ते शनिवार चकली गेली ४, ६, ५, ९, ६, ६ किलो. बेरीज ३६, सहा दिवस, सरासरी ६. दुसऱ्या आठवड्यात रोज बरोबर ६ किलो गेली. सरासरी तीच. पण आईला विचार, दोन्ही आठवडे सारखे होते का? ती म्हणेल, छे! गुरुवारी ९ किलोची ऑर्डर आली तेव्हा भाजणी संपली, गिरणीत धावावं लागलं, आणि सोमवारी ४ च गेली तेव्हा केलेला माल डब्यात पडून राहिला. ती जी धावपळ आहे, तिला आकडा द्यायचा म्हणजे प्रमाण विचलन. सरासरीपासून प्रत्येक दिवस किती लांब पडला ते बघ: उणे २, शून्य, उणे १, अधिक ३, शून्य, शून्य. नुसती बेरीज केली तर शून्य येते, उणे-अधिक एकमेकांना खातात. म्हणून वर्ग करायचे: ४, ०, १, ९, ०, ०. बेरीज १४. सहाने भागून सुमारे २.३३. त्याचं वर्गमूळ दीडच्या किंचित वर, १.५३ किलो. दुसऱ्या आठवड्याचं विचलन शून्य. भरवशाचा कोणता, हे आता सूत्राला विचारायची गरजच नाही.

व्हिडिओत हे सगळं दोन-तीन मिनिटांत सरकून जातं. तुझ्या कानांनी ते ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, पण ‘वर्ग कशाला करायचे?’ हा प्रश्न तुला पडलाच नाही, कारण तो पडायच्या आत उत्तर आलं होतं. टेस्टमध्ये प्रश्न आधी आला आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

सोऱ्याचंही असंच असतं ना? आईला चकली पाडताना तू शेकडो वेळा पाहिलं असशील. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दाताला लागते, हे तुला तोंडपाठ असेल. पण पहिल्यांदा सोऱ्या स्वतःच्या हातात घेतला तेव्हा दुसऱ्या वेढ्यालाच तुटली असेल. आईने तेव्हा तुला आणखी एकदा करून दाखवलं नसेल. तिने पुन्हा सोऱ्या तुझ्याच हातात दिला असेल.

अभ्यासाचा सोऱ्या हातात घ्यायचा म्हणजे काय करायचं, ते सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे सेंट लुइसच्या, २००६ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे बरेच पुढे गेले. तू परीक्षेच्या आदल्या रात्री व्हिडिओ पुन्हा लावशील तेव्हा हे आठव. पुन्हा बघितल्याने ओळख वाढते, आणि ओळखीलाच आपण कळणं समजतो.

तेव्हा व्हिडिओ बघायचा तो घाण्याजवळ नाही. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. उकळत्या तेलाशेजारी मान खाली घालून फोन बघणं मला अभ्यासाच्या आधी जिवाच्या काळजीने नको वाटतं. आईला सांग, रोज चाळीस मिनिटं मी तुझी नाही. एवढी चाळीस मिनिटं ती देईल, तुझ्या पत्रावरून तरी ती मला तशी वाटली. फोन भिंतीला टेकव, वही-पेन हातात घे, स्पीड एकपट ठेव. एडएक्स या संकेतस्थळावर मुलं व्हिडिओ कसे बघतात याचा सुमारे ६९ लाख वेळांचा हिशेब २०१४ साली मांडला गेला, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, मुलांचं लक्ष सहा मिनिटांच्या आसपासच टिकतं. ‘स्वयम’चे बरेच धडे अर्ध्या तासाचे असतात. ते तुझे तू तोड. पाच-सहा मिनिटं झाली की थांबव, स्क्रीन पालथी घाल, आणि आत्ता काय सांगितलं ते न बघता वहीत लिही. इंग्रजीत येत नसेल तर मराठीत लिही, गुजरातीत लिही, तिन्हींची खिचडी झाली तरी चालेल, वही तुझी आहे. जिथे पेन थांबेल तिथे चौकोन काढ आणि मगच व्हिडिओ मागे ने. त्या चौकोनांपुरताच पुन्हा बघायचा.

सुरुवातीला फार वाईट वाटेल. पान भरभरून चौकोन दिसतील, आधी तर सगळं समजत होतं असं मनात येईल. तो अकाउंट्सवाला गोळाच आहे, घरी आलेला. राहू दे त्याला.

आणि कोर्सच्या पानावर चर्चेसाठी जागा असते, तिथे बहुतेक मुलं फिरकत नाहीत. ‘स्वयम’ची रचनाच चार पायांवर आहे: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या, आणि चर्चा. आपण एका पायावर उभं राहतो आणि खाट डुगडुगते म्हणून तक्रार करतो. तिथे शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या चमूतली माणसं उत्तरं द्यायला बसलेली असतात. वर्गात हात वर करायला तुला लाज वाटते, इथे कुणी बघत नाही. विचार.

इथवर वाचून तुला वाटेल, काकू ऑनलाइनच्या विरोधात आहेत. नाही गं. तुझ्यासारख्या मुलीसाठी त्यात एक मोठी गोष्ट आहे आणि ती तुझ्या मैत्रिणींनाही धड शब्दांत सांगता येत नसेल. घरी मराठी, शाळेत गुजराती, आणि बारावीनंतर एकदम इंग्रजी. बडोद्याच्या किती मराठी मुलांना मी पहिल्या वर्षी याच जागी गप्प होताना पाहिलं. विषय कठीण नसतो, वाक्य हातातून निसटतं, आणि वर्गात निसटलेलं वाक्य परत येत नाही. व्हिडिओत ते परत येतं. खाली अक्षरं उमटतात, शब्दाचं स्पेलिंग दिसतं. काही कोर्सेसचं साहित्य मराठी-गुजरातीतही केलेलं आहे, ते शोध. ज्या मुली डभोई-पादऱ्याहून रोज ये-जा करतात, ज्या लग्नानंतर पुन्हा शिकू पाहतात, त्या ऑनलाइनला ‘खूप समाधानी’ म्हणतात तेव्हा त्या सुखाबद्दल बोलत नसतात. दार उघडलं म्हणून बोलत असतात. मैत्रिणींच्या मताला एवढा मान द्यायलाच हवा.

बडोद्याला तर हे नवं नाहीच. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग शाळेत शिकलेली माणसं पुढे वाचणार काय, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी करायला घेतली. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून पाठवत. आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रं आणि सिनेमा दाखवणारी वेगळी शाखा होती. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावाने दूरच्या माणसापर्यंत शिक्षण पोचवलं ते असं. पेटी पाठवली की काम झालं असं त्यांनी मानलं नाही, मला त्यांचं हे फार मोठं वाटतं. व्हिडिओ अपलोड केला की शिकवून झालं, असं आज पुष्कळ ठिकाणी मानतात.

तुझ्या पिढीबद्दल मला आणखी एक वाटतं. २०२० साली तू आठवी-नववीत असशील. ‘ऑनलाइन’ म्हटलं की तुमच्या मनात तेच येतं: बाबांचा फोन, तुटणारं नेटवर्क, आवाज बंद करून झोपून घेणं. मार्च २०२० मध्येच काही अमेरिकी अभ्यासकांनी बजावलं होतं की याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, ही आणीबाणीत केलेली सोय आहे, दोन्हींची तुलना करू नका. ते कुणी ऐकलं नाही. म्हणून आज निम्मी मुलं तेव्हाचा राग धरून ऑनलाइनला नाकं मुरडतात आणि निम्मी तेव्हाची मोकळीक आठवून त्याला चांगलं म्हणतात. तुझा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स या दोन्हींपेक्षा वेगळा, विचारपूर्वक बांधलेला असू शकतो, त्याला त्याच्या गुणांवर तपास.

आता मामा.

मामांचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने चुकीचं नाही, हे बाबांनाही वाचून दाखव. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘ऑनलाइनची डिग्री म्हणजे कागद’ हे आता खरं नाही. फक्त ते विद्यापीठ आणि तो नेमका कोर्स यूजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, यादीत त्या वर्षासाठी आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. प्रवेशासाठी विद्यार्थ्याला डीईबी आयडी काढावा लागतो, तो तुझा तू काढायचा. फोनवर गोड बोलून ‘आजच सीट बुक करा’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया द्यायचा नाही. आणि आतापर्यंत मिळवलेली क्रेडिट्स नव्या ठिकाणी धरली जातील का, हे लेखी विचार. तिथे ‘होईल हो’ म्हणतात आणि मग पहिल्या वर्षापासून बसवतात, असं होऊ शकतं.

हे सगळं मान्य करूनही, आज तरी कॉलेज सोडू नकोस. कारण तुझ्याच पत्रात आहे. एकटीने स्क्रीनसमोर बसून केलेल्या एका पेपरात तुला १४ आले, आणि येत नाहीये हे तुला टेस्टच्या दिवसापर्यंत कळलं नाही. हे कळवून देणारं माणूस, ते उभं करणारे सर, आज तुला वर्गात मिळतं. ऑनलाइन डिग्रीत सगळेच पेपर स्टॅटिस्टिक्ससारखे होतील आणि ते माणूस तुला स्वतःच व्हावं लागेल. तशी तू होशील, पण अजून झालेली नाहीस. चौकोनांची वही एक सेमिस्टर चालव, मग बोलू. सीए व्हायचं ठरवून तिथे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, करायची असती तर मी वेगळा विचार केला असता. तू ‘दोन पैसे येतील’ एवढंच लिहिलंयस.

दोन पैशांची गरज खोटी नाही, मला ती ओळीओळीतून दिसली. मामांना म्हण, सुट्टीत किंवा संध्याकाळी दोन तास त्या ऑफिसात बसता येईल का ते विचारा. व्हाउचर लावता लावता अकाउंट्स पक्कं होईल. आणि एप्रिल २०२२ पासून एक पदवी कॉलेजात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन, अशा दोन एकाच वेळी करायला यूजीसीची परवानगी आहे. म्हणजे तिसऱ्या वर्षात तुला वाटलं, तर काहीही न सोडता तुला ते दार उघडता येईल. सोडून मिळणारी गोष्ट नंतरही मिळणार असेल तर आज का सोडायची?

घरात शांतता नसेल तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बस. मी लहानपणी वडिलांबरोबर जायची. वरच्या मजल्यांची फरशी जाड काचेची आहे. खाली उभं राहून मी वर बघायची, तर कुणीतरी पुस्तक शोधत चाललेलं असायचं आणि त्याच्या पावलांच्या सावल्या डोक्यावरून सरकायच्या. माणूस दिसत नसे, पण तो आहे हे कळत असे. स्क्रीनसमोर एकटी बसून शिकताना मला ज्याची उणीव भासते ते हेच. शेजारच्या टेबलावर कुणीतरी आपल्याच उदाहरणाशी झगडतंय, एवढं दिसलं तरी पुरतं.

राहिला तुझा फॉर्म. तो बदलायचा नाही, पण तो तसाच सरांकडे पडूनही राहू देऊ नकोस. अशा फॉर्मांची बेरीज करून पुढच्या वर्षी कोणते पेपर ऑनलाइन ठेवायचे ते ठरतं, आणि आता ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स ‘स्वयम’मधून घ्यायची मुभा यूजीसीने दिली आहे, म्हणजे तुझ्यामागून येणाऱ्या मुलांचे बरेच पेपर त्यावर ठरतील. सोमवारी टेस्टचा पेपर हातात घे, सरांच्या केबिनमध्ये जा आणि सांग, “सर, फॉर्ममध्ये मी खूप समाधानी लिहिलंय, ते खरं आहे. मला १४ पडले, तेही खरं आहे. पुढच्या फॉर्ममध्ये शेवटी एक उदाहरण सोडवायला घालाल का?”

तुझी,
काकू